खाटेवर लेकरं, खाली माणसं

आसगावला आम्ही ज्यांच्या घरी भाड्याने राहायचो, त्या घराच्या पुढच्या छपरीत एक सुंभाची खाट होती. त्या खाटेवर घरमालक स्वतः बसत आणि त्यांच्या आजूबाजूला गावातली पोरं. मोठी माणसं आली की त्यांच्यासाठी खाली चटई. सरपंच आले तरी चटई, सोयरे आले तरी चटई. एखादा नवखा माणूस सवयीने खाटेकडे वळला की ते हात आडवा करून म्हणत, "तिथं नाही जी, तिथं लेकरं बसतात." पोरं त्या वेळी तलावावर डुंबायला गेलेली असली आणि खाट रिकामी असली, तरीही.

त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. अख्खं गावच म्हणायचं. धानाची शेती, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि आवाज असा की ते हळू बोलले तरी शेजारच्या बांधीतला म्हणजे धानाच्या वाफ्यातला माणूस वळून बघायचा. बांधीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी त्यांचं दर पावसाळ्यात वाजायचं आणि दिवाळीला मिटायचं. बैलांवर जीव, पण तंबाखूची डबी कुणी हलवली तर घर डोक्यावर घ्यायचे. माणूस काही संत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आठवणीत माणसं उगाच गोरीगोमटी होतात.

पण त्यांची एक खोड अशी होती की त्यापायी निम्मं गाव त्यांना अर्धवट समजायचं. मोठ्या माणसांचं कितीही महत्त्वाचं बोलणं चाललेलं असो, एखादं पोर येऊन मध्ये काही बोललं की काकाजी मोठ्यांकडे तळहात करायचे आणि म्हणायचे, "थांबा जी. लेकरू बोलून राह्यलं." मग पोराकडे पूर्ण वळायचे. पोराचं सांगून होईपर्यंत मोठ्यांनी गप्प बसायचं. आणि पोरांचं सांगणं म्हणजे काय, तर शेळीला खोकला झाला, किंवा अमक्याने माझी गोटी घेतली.

एकदा तलावाची पाळ बघायला जीपमधून कुणी साहेब आले होते. पाळ खचलेली, दुरुस्ती व्हावी म्हणून गावाने किती खेपा घातलेल्या. साहेब चटईवर बसून विचारत होते, काकाजी सांगत होते, एवढ्यात एक पोरगा मुठीत पडलेला दात घेऊन आला. "थांबा जी," काकाजी साहेबांना म्हणाले. मग दात उजेडात धरून पाहिला, पोराच्या तोंडातली फट पाहिली, तो कौलावर टाकायचा की तुळशीत पुरायचा यावर दोघांची चर्चा झाली, कौलावर टाकायचं ठरलं, आणि तो टाकायला काकाजी स्वतः अंगणात उतरले. तोवर जीप निघून गेली होती. त्या वर्षी पाळीचं काम झालं नाही. सगळ्यांनी काकाजींना बोल लावला. ते एवढंच म्हणाले, "साहेब परत येतीन. त्या पोराचा पयला दात परत पडनार हाये का?"

काकींचं म्हणणं वेगळंच. चुलीपुढून त्या ओरडायच्या, "गावच्या लेकराइचं ऐकता, माह्यं कवा ऐकान?" काकाजी हसायचे आणि तंबाखूची डबी उघडायचे.

माझे बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. बदली होऊन आम्ही आसगावला आलो ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. बाबा सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण लोक काय म्हणतील हा घोर त्यांच्या मागे कायमचा. शर्टाची कॉलर विरली की आतून उलटवून शिवायची, घरात भांडण झालं की आधी खिडकी लावायची. आणि नेमकी त्यांची मुलगी डावरी. मी डाव्या हाताने जेवायची, डाव्या हाताने पाटीवर लिहायची, कुणी काही दिलं तर डावाच हात पुढे करायची. गुरुजींच्या मुलीला साधी रीत कळत नाही, असं लोक म्हणू नयेत म्हणून आई-बाबांनी उपाय शोधला होता. जेवायच्या आधी माझ्या डाव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळायचं. उजव्या हाताने मी भात कालवायची, अर्धा सांडायची, आणि पोट भरायच्या आत रडून उठायची. मला वाटायचं, माझ्या अंगाला एक चुकीची वस्तू लागलेली आहे आणि ती आई-बाबांना सगळ्यांपासून लपवावी लागते.

आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी मी फडकं बांधलेला हात घेऊन छपरीत गेले. काकाजींनी सरकून खाटेवर जागा केली.

"हाताले काय झालं बेटा?"

"काही नाही. डावा आहे."

"डावा हात तं मले बी हाये. बांधला काहून?"

मी म्हटलं, लोक हसतात. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचं ते वाक्य ऐकलं, जे पुढे शेकडो वेळा ऐकायचं होतं. "लोकाइले म्हना, उद्या या. आज फुरसत नाही." असं म्हणत त्यांनी फडक्याची गाठ सोडली, ते फडकं खांद्यावर टाकलं आणि त्याने आपलाच घाम पुसला. माझी बोटं सुरकुतली होती. ती त्यांनी एकेक करून चोळली.

फडकं त्यांनी परत दिलं नाही. बाबा मागायला गेले नाहीत, कारण मागायला गेलं तर घरमालक काय म्हणतील हाही घोर होताच. पण घरात आता फडक्याऐवजी डोळ्यांनी धाक सुरू झाला, आणि तो काही सोडवता येत नव्हता.

रोवण्याच्या, धान लावणीच्या दिवसांत शाळा सुटली की मी काकाजींच्या बांधीत पळायची. रोवणाऱ्या बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत जातात. डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी आणि उजव्या हाताने चिखलात रोप खोवायचं. मी नेमकी उलटी, त्यामुळे माझं कोपर शेजारणीच्या हाताला लागायचं, तिची जुडी पाण्यात पडायची आणि ती कुरकुरायची. धुऱ्यावरून, बांधावर उभे राहून काकाजी ओरडले, "तिले ओळीच्या डाव्या कडेले उभी करा नं! हात नाही बदलत तिचा, जागा बदला." कडेला गेल्यावर माझं कोपर कुणालाच लागलं नाही. इतकी साधी गोष्ट होती. मी त्या दिवशी गुडघाभर चिखलात उभी राहून मोठमोठ्याने गाणं म्हटल्याचं आठवतं, आणि बाया हसत होत्या, पण ते हसणं बोचत नव्हतं.

धान कापायला आलं तेव्हा तर त्यांनी कहर केला. विळ्याला आमच्याकडे इळा म्हणतात. त्याचे दाते उजव्या हाताच्या हिशेबाने पाडलेले असतात. डाव्या हाताने ओढला की तो कापत नाही, घसरतो. काकाजी मला घेऊन लोहाराकडे गेले आणि म्हणाले, हिच्या हाताचा इळा पाहिजे.

लोहाराने भाता थांबवला. "डाव्या हाताचा? जल्मात नाही बनवला जी."

"तं आता बनव."

"लोक हासतीन नं काकाजी."

"त्याइले म्हना, उद्या या."

लोहाराने डोकं हलवत का होईना, इळा घडवून दिला. आजवर मला कुणी दागिने दिले, साड्या दिल्या, पण माझ्या हाताचं माप घेऊन केलेली ती एकच वस्तू. पहिली मूठ धानाची कापली तेव्हा झालेला तो करकर आवाज अजून कानात आहे.

आता ती मंडईची गोष्ट. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडारीचा नाच, दुकानं, पाळणे, आणि घरोघरी पाहुण्यांची रीघ. पोरीबाळी माहेरी येतात, आणि लग्नाच्या सोयरिकीही याच दिवसांत जुळतात, कारण एरवी सगळे एका जागी सापडणार कुठे? काकाजींची एकुलती एक लेक, जिला मी ताई म्हणायची, तिला बघायला त्या वर्षी मंडईच्या निमित्ताने पाहुणे आले होते. मुलगा, त्याचा मामा आणि आणखी काही मंडळी. स्थळ चांगलं होतं. काकींनी कितीतरी दिवस घर सारवून-पोतारून काढलं होतं आणि बोलणी जवळजवळ ठरल्यासारखीच होती.

दुपारची पंगत छपरीत बसली. बाबाही पंगतीला होते. ताई भात वाढत होती आणि माझ्याकडे भज्यांची परात. मला अगदी मोठी झाल्यासारखं वाटत होतं. परात उजव्या हातावर तोलून मी डाव्या हाताने भजी वाढत गेले आणि मुलाच्या मामापुढे आले. त्याने ताटावर हात आडवा धरला.

"हे काय जी? डाव्या हातानं वाढतात काय तुमच्या इथं? पाहुन्याइचा मान ठेवा काही!"

बाहेरून दंडारीची ढोलकी तेवढी ऐकू येत होती. बाबा अर्ध्या ताटावरून उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चुकलं लेकराचं, माफ करा," ते मामाला म्हणाले आणि माझ्याकडे वळून दातओठ खात, "आत हो! आधी आत हो!"

मी वळलेच होते. तेवढ्यात खाटेजवळून तो आवाज आला. "थांबा जी गुरुजी." काकाजी ताटावरून उठून माझ्याजवळ आले आणि गुडघ्यावर बसले. "काय झालं बेटा? तू सांग."

जे खरं होतं ते मी सांगितलं. "उजव्या हातानं वाढलं की सांडते माझ्याकडून. आज सांडायचं नव्हतं."

"ऐकलं जी?" काकाजी मामाकडे वळले. "तुमचा मान राहावा म्हनूनच डाव्यानं वाढून राह्यली ते. आता घ्याचं असंल तं घ्या. नसंल घ्याचं तं राहू द्या, राग नाही माहा. पन लेकरू परात घेऊन मागं नाही फिरनार."

आतल्या दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. मामा काकाजींकडे पाहत राहिला, त्याला बहुतेक वाटलं, आता हा माणूस हसेल आणि सांभाळून घेईल. काकाजी हसले नाहीत. मामा उठला. मग बाकीचे उठले. मुलगा सगळ्यात शेवटी उठला, मान खाली घालून, एकदाही वर न बघता.

सगळ्यांच्या नजरा ताईकडे गेल्या. ती भाताचं भांडं धरून भिंतीशी उभी होती, डोळे भरलेले. तिने भांडं खाली ठेवलं, मामाच्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसली आणि नवीन ताट समोर ओढलं. "दे वं मले भजी," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी हाये मी." मी वाढली. एकही सांडलं नाही.

काकी त्यानंतर कितीतरी दिवस काकाजींशी बोलल्या नाहीत, आमच्याशी तर नाहीच. गावात एकच चर्चा, दुसऱ्याच्या पोरीपायी स्वतःच्या पोरीची सोयरिक मोडणारा बाप पाहिला का कुठे? ती माझ्याही कानावर आली. मी घाबरत छपरीत गेले. काकाजी अंबाडीचा दोर वळत होते. विचारलं, "माझ्यामुळे मोडली का?"

त्यांनी दोर खाली ठेवला. "ज्याच्या गळ्याखाली लेकराच्या हातचं उतरत नाही, त्याच्या घरी माह्यी पोरगी सुखानं जेवली असती का? तूच सांग." आणि पुन्हा दोर उचलत, "अन् दुसऱ्याची कोन? तू खाटेवर बसतेस नं?"

दोन-चार दिवसांनी वर्गात बाबांनी मला उठवलं आणि टाटपट्टीच्या डाव्या टोकाला नेऊन बसवलं. "इथे बसून लिही. कोपर लागणार नाही कुणाला." एवढंच. मी डाव्या हाताने लिहायला लागले आणि ते फळ्याकडे वळले.

पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं, थेट बपेऱ्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आमचीही बदली भंडाऱ्याला झाली. निघताना मी इळा मागितला, तर काकाजी म्हणाले, "राहू दे इथं. तुले कापनीले याच लागंल नं?" आपण दर वर्षी येऊ असं तेव्हा खरंच वाटतं. शाळा, परीक्षा, बाबांचं आजारपण, मग माझं लग्न. मी कापणीला कधीच गेले नाही.

सासर भंडाऱ्यातच, पितळी भांड्यांचं दुकान असलेलं, माणसं वाईट नाहीत. पण तिथे मी उजव्या हाताने जेवायला शिकले. कुणी फडकं बांधलं नाही, नुसत्या नजरा पुरल्या. लिहायची तेवढी डाव्या हाताने. ऐन घरात, माणसांच्या घोळक्यात बसून मला त्या खाटेची फार आठवण यायची. आपण तोंड उघडलं आणि सगळं जग थांबलं, असं त्यानंतर कधी झालंच नाही. मी बोलायला लागले की कुणाला तरी दुकानातलं काहीतरी आठवायचं.

मग मला मुलगी झाली, आणि ती घास उचलायला लागली तेव्हा डावा हात पुढे आला. चार वर्षांची होईपर्यंत सासूबाईंनी दमाने घेतलं. नंतर एक दिवस मी स्वयंपाकघरात आले तर पोरीच्या डाव्या बोटांना कडुनिंबाचा पाला चोळलेला. ती बोटं तोंडाला लावत होती आणि थुंकत होती. मी तिची बोटं धुतली. आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन एसटीत बसले. पवनीला गाडी बदलली तेव्हाही डोक्यात एकच, काकाजींना विचारायचं, मी काय करू? एकत्र घर आहे, भांडू की गप्प बसू? त्यांच्याशिवाय हे कुणाला विचारणार होते?

आसगावला पोचले तेव्हा कळलं, काकाजींना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. छपरीत, त्याच खाटेवर, उशीला टेकवून बसवलं होतं. बघायला आलेली माणसं खाली चटईवर. ताई बपेऱ्याहून आली होती. तिने मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "बाबा जेवत नाही वं. आई भरवते तं तोंड नाही उघडत. डाव्या हातानं खाऊन पाह्यलं एकदा, सगळं अंगावर सांडलं. कोनीतरी समोरून 'अरेरे' केलं. तवापासून हात नाही लावला ताटाले."

ज्याने आयुष्यभर लोकांना उद्या या म्हणून सांगितलं, त्याला आता डाव्या हाताचा घास लोकांसमोर तोंडापर्यंत नेता येत नव्हता. मला भडभडून आलं. भिंतीवर खुंटीला इळे टांगलेले होते. त्यांत माझा ओळखू आला, दाते उलट अंगाला. गंज नव्हता. ताई म्हणाली, "दरसाल सगळ्याइसोबत लोहाराकडं नेत होते धार लावाले. हा कोनाचा म्हटलं तं म्हनत, येईल ते पोरगी."

मी खाटेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी ओळखलं. तोंडाची डावी बाजू हसली. आणि मी बोलायला लागले. सासर, सासूबाई, कडुनिंब, सगळं. खाली माणसं ऐकत होती याचंही भान नव्हतं. ते ऐकत होते, पूर्वीसारखेच, पूर्ण माझ्याकडे वळून. किती वर्षांनी कुणीतरी असं ऐकत होतं! काकींनी आणून ठेवलेलं ताट मध्ये तसंच पडलं होतं.

एवढ्यात माझी पोरगी खाटेवर चढली, आमच्या दोघांच्या मध्ये, आणि मोठ्याने म्हणाली, "आई, यांना जेवता येत नाही का? मी दाखवू?"

चटईवर कुणीतरी घसा खाकरला. मी तिचा हात धरला. "थांब गं. मोठी माणसं बोलताहेत ना."

काकाजींनी डावा हात उचलला. तळहात हळूहळू माझ्याकडे वळला आणि माझ्यासमोर येऊन थांबला.

"थां... बा... जी."

मला. मला 'जी' म्हणाले ते. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेला जमलं नाही, पण छपरीतल्या सगळ्यांना ते पाठ होतं. ते पोरीकडे वळले. तिने डाव्या हाताने भात कालवला, लहान घास केला आणि उचलून दाखवला. "असा नाही धरायचा, असा." त्यांनी धरला. अर्धा सांडला, अर्धा तोंडात गेला. "परत," ती म्हणाली. त्यांनी परत हात घातला.

काकी दारातून बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला विचारायचं होतं ते अर्धंच राहिलं होतं, आणि ते आता पुरं करायची गरजही नव्हती. खाटेवर दोन डावे हात एका ताटात होते. मी पोरीचा हात सोडला, खाटेवरून उतरले आणि खाली चटईवर, मोठ्या माणसांत जाऊन बसले.